मोटार का जळते? आधी मोजा, मग बोला

रब्बीचे पाणी सुरू झाले की तालुक्याच्या गावातील रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटारींची रांग लागते. कोणाची तीन एचपीची, कोणाची पाचची, कोणाची बोअरमधून नुकतीच उपसून आणलेली. शेतकरी म्हणतो, "लाइटनेच खाल्ली." वायरमन म्हणतो, "होल्टेज बरोबर होतं, तुमची मोटारच जुनी." रिवाइंडिंगवाला दोघांचे ऐकून घेतो आणि तार गुंडाळायला बसतो. तिघांपैकी कोणाच्याच हातात आकडा नसतो. मोटार भरून येते, विहिरीत बसते आणि ज्या कारणाने जळाली ते कारण तिथेच वाट बघत असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा खर्च नुसता रिवाइंडिंगचा नाही. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना पाणी द्यावेच लागते. त्याच आठवड्यात मोटार चार-पाच दिवस दुकानात पडली तर गेलेले फुटवे पुढे कितीही पाणी दिले तरी परत येत नाहीत. सन २०२४ मध्ये राज्य शासनाने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी मोफत वीज योजना आणली. विजेचे बिल माफ झाले, पण रिवाइंडिंगचे बिल कोणी माफ करत नाही.

म्हणून आज खताबियाण्याऐवजी विजेची तपासणी कशी करायची ते पाहू. माती परीक्षण केल्याशिवाय खताचा डोस ठरवू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. विजेचेही तसेच आहे. मोजल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरत नाही.

चांगली वीज म्हणजे काय?

लाइट आली म्हणजे चांगली वीज आली असे नाही. मोटारीला तीन गोष्टी लागतात. व्होल्टेज पुरेसे हवे, ते तिन्ही फेजमध्ये सारखे हवे आणि चालू मोटारीचा एकही फेज मध्येच जाता कामा नये.

आपल्याकडे दोन फेजमधील व्होल्टेज ४१५ आणि फेज व न्यूट्रलमधील २४० धरण्याची जुनी पद्धत आहे. नव्या मानकांत हेच आकडे ४०० आणि २३० असे येतात. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत लघुदाबासाठी सहा टक्के कमी-जास्त एवढीच सूट होती आणि राज्य वीज नियामक आयोगाच्या मानकांनीही ती सहा टक्क्यांचीच ठेवली. ४१५ धरले तर हा पल्ला ३९० ते ४४० व्होल्ट होतो.

मोटार बनवणाऱ्यांना शेतातली परिस्थिती ठाऊक असते. त्यामुळे अनेक शेतीपंपांच्या मोटारी अधिक ६ व उणे १५ टक्के व्होल्टेज सोसतील अशा बनवलेल्या असतात. म्हणजे साधारण ३५३ ते ४४० व्होल्ट. तुमच्या मोटारीवरची पत्र्याची पाटी पुसून एकदा वाचा. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे असतात, ते वहीत उतरवून घ्या. पाटी विहिरीत गेली असेल तर खरेदीच्या कागदावर मिळतील. पाच एचपीची मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. सबमर्सिबल थोडे जास्त घेते. तरीही पाटीवरचा आकडाच खरा मानावा.

आता व्होल्टेज कमी झाल्यावर काय होते ते पाहा. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ४१५ चे ३४० झाले, म्हणजे व्होल्टेज १८ टक्केच उतरले, पण जोर तिसऱ्या हिश्श्याने गेला. विहिरीतले पाणी मात्र तेवढेच उचलायचे असते. मग मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. वायंडिंगच्या इन्सुलेशनबाबत जाणकारांचा एक ठोकताळा आहे. तापमान सोसण्याच्या मर्यादेपेक्षा दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. मोटार एका दिवसात जळत नाही, ती रोज थोडी थोडी भाजत असते. एखाद्या दिवशी धूर दिसतो एवढेच.

सारखेपणा जास्त महत्त्वाचा

कमी व्होल्टेजबद्दल सगळेच बोलतात. तीन फेजमधल्या तफावतीकडे मात्र कोणी बघत नाही आणि पुष्कळ मोटारी तिथेच जातात. तफावत काढायचे गणित चौथीच्या मुलाला येईल असे आहे.

समजा, तुमच्या स्टार्टरवर लाल-पिवळा ४००, पिवळा-निळा ३८५ आणि निळा-लाल ३७० व्होल्ट आले. तिघांची बेरीज ११५५, सरासरी ३८५. सरासरीपासून सर्वांत दूरचा आकडा १५ ने दूर. १५ ला ३८५ ने भागून १०० ने गुणा. उत्तर येते ३.९ टक्के. ही झाली तफावत.

आता ठोकताळा असा की तफावतीच्या टक्क्याचा वर्ग करून दुप्पट केली की सर्वांत तापलेल्या वायंडिंगची उष्णता साधारण किती टक्क्यांनी वाढते ते कळते. ३.९ चा वर्ग साधारण १५, त्याची दुप्पट ३०. म्हणजे उष्णता ३० टक्क्यांनी वाढली! तिन्ही फेज सारखे ३८५ असते तर हीच मोटार मुकाट्याने चालली असती. व्होल्टेजमधली एक टक्क्याची तफावत अँपिअरमध्ये सहा ते दहा टक्क्यांची तफावत करते, हेही लक्षात ठेवा. एक टक्क्याच्या आत असेल तर उत्तम. दोन-तीन टक्के झाली की कारण शोधा. पाच टक्क्यांच्या वर गेली तर मोटार चालवू नका.

मोजायला काय लागते?

दोन गोष्टी लागतात. व्होल्ट मोजायला मल्टीमीटर आणि अँपिअर मोजायला टांग टेस्टर. आजकाल दोन्ही कामे एकाच टांग टेस्टरवर होतात. तार न तोडता तिच्याभोवती चिमटा अडकवला की अँपिअर दिसतात. चिमट्यात एका वेळी एकच तार घ्यायची. तिन्ही तारा एकदम घेतल्या तर आकडा शून्याजवळ येतो आणि माणूस उगाच गोंधळतो. चांगला टांग टेस्टर एका रिवाइंडिंगपेक्षा स्वस्त पडतो. प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून, शेतकरी गटाने किंवा ग्रामपंचायतीने एक घेतला तरी गावाचे काम भागते. ज्यांनी डिजिटल पॅनेल किंवा मोबाइल स्टार्टर बसवला आहे त्यांच्याकडे व्होल्ट आणि अँपिअर पडद्यावरच दिसतात. ते वाचायची सवय लावा.

टेस्टरचा दिवा पेटला म्हणजे फेज ठीक आहे असे धरू नका. तो १५० व्होल्टलाही पेटतो आणि २४० लाही पेटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ४१५ व्होल्ट माफ करत नाहीत. चालू स्टार्टर उघडून मोजण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आकडे लिहिण्याचे काम तुम्ही करा. पाय कोरडे, पायात रबरी चप्पल-बूट, खाली कोरडी लाकडी फळी आणि सोबत दुसरा माणूस हवाच. डीपीची पेटी उघडणे, डीपीचा फ्यूज टाकणे, खांबावर चढणे ही कामे फक्त लाइनमनची. "साहेब येईपर्यंत पाणी कोण देणार?" म्हणून डीपीला हात लावणाऱ्या माणसाचे घर पुढे कोण बघणार, हाही प्रश्न आहेच.

सात दिवसांची वही

एकदाच मोजून काही कळत नाही. सात दिवस मोजा. दिवसाची पाळी असो की रात्रीची, तीन वेळा नोंद घ्या. लाइट आल्यावर दहा मिनिटांनी, पाळीच्या मध्यावर आणि लाइट जाण्यापूर्वी. प्रत्येक वेळी पुढील गोष्टी लिहा.

१. तारीख आणि वेळ.

२. मोटार बंद असताना तीन व्होल्टेज : लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल.

३. मोटार चालू झाल्यावर पाच मिनिटांनी तीच तीन व्होल्टेज.

४. मोटार चालू असताना तिन्ही तारांचे अँपिअर.

५. त्या वेळी डीपीवर अंदाजे किती पंप चालू होते.

६. न्यूट्रलची तार शेडपर्यंत आली असेल तर प्रत्येक फेज आणि न्यूट्रलमधील व्होल्टेज. शेडजवळ ठोकलेली अर्थिंगची सळई म्हणजे न्यूट्रल नव्हे.

मीटरचा आकडा दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ आपोआप राहते. मोटार बंद आणि चालू असे दोन्ही आकडे घेताना शेजाऱ्याला दहा मिनिटे आपला पंप चालू-बंद करू नको म्हणून सांगा, नाहीतर त्याचा फरक तुमच्या खात्यावर पडेल.

आकडे काय सांगतात?

आता वही उघडून बसा. प्रत्येक दुखण्याची खूण वेगळी असते.

मोटार बंद असतानाच ३६० आणि चालू केल्यावर ३५२ : तुमच्या एका मोटारीने आठच व्होल्ट उतरले, म्हणजे तुमची तार ठीक आहे. वीज मुळातच कमी येते. डीपीवर भार जास्त असेल, लघुदाबाची लाइन लांब असेल किंवा अकरा केव्हीच्या लाइनवरच दाब कमी असेल. यातले कोणते, हे ओळखायला त्याच वेळी डीपीजवळच्या शेतकऱ्याच्या स्टार्टरवर मोजा. तिथे ४१० आणि शेवटच्या खांबावर ३५० असेल तर दोष मधल्या लाइनचा. डीपीजवळही ३६० असेल तर दोष डीपीच्या भाराचा किंवा त्याच्याही मागचा. रात्री पंप बंद असतानाही डीपीजवळ दाब कमीच दिसत असेल तर अकरा केव्हीच्या लाइनचा संशय घ्या.

मोटार बंद असताना ४१० आणि चालू केल्यावर ३७० : तुमच्या साडेसात अँपिअरनेच ४० व्होल्ट खाल्ले. डीपीपासून तुमच्यापर्यंत कुठेतरी तार बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. अशा वेळी डीपीला दोष देऊन उपयोग नाही.

मेन स्विचवर ठीक, पण मोटारीच्या टोकाशी कमी : दोष तुमच्या केबलचा. पाच एचपीच्या मोटारीला अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची केबल ३०० मीटर ओढली तर तिच्यातच सुमारे २५ व्होल्ट जातात. तीच केबल सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे १० जातात. केबल घेताना वाचवलेले पैसे असे रोज थोडे थोडे जातात. अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर आणखी जाड घ्यावी लागते.

एकाच फेजचे व्होल्टेज कमी आणि थरथरणारे : ढिला जोड, करपलेला किटकॅट किंवा खांबावरचा सैल जंपर. शेडमधला जोड शोधायची सोपी युक्ती आहे. मोटार चालू असताना मेन स्विचमध्ये एकाच फेजच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टोकांवर वायरमनला व्होल्टेज मोजायला सांगा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. दोन-चार व्होल्ट दिसले तर तो जोड आतून जळतो आहे. किटकॅटमध्ये जाड तारेचे वेटोळे घालण्याची सवयही सोडा. फ्यूज वितळला नाही तर मोटार वितळते.

फेज-फेजमध्ये तिन्ही ४१० सारखे, पण फेज-न्यूट्रल १८०, २९०, २५० असे वेडेवाकडे : न्यूट्रल तुटला आहे किंवा ढिला आहे. पंपाला काही कळत नाही, पण वस्तीवरचा एक दिवा मिणमिणतो, दुसरा डोळे दिपवतो आणि टीव्ही जळतो. तुटलेला न्यूट्रल जीवघेणा असतो. त्याच क्षणी घरातला मेन स्विच बंद करून लाइनमनला कळवा.

मोटारी बंद ठेवून मोजल्यावर फेज-न्यूट्रल दोन २४० आणि एक शून्य : डीपीच्या लघुदाब बाजूचा फ्यूज गेला किंवा जंपर तुटला. एक २४० आणि दोन मात्र १२० च्या आसपास : अकरा केव्हीच्या बाजूचा एक फ्यूज पडला आहे. लाइनमनला फोनवर एवढे सांगितले तरी तो योग्य सामान घेऊन निघतो. त्याची एक फेरी वाचते, तुमचा एक दिवस वाचतो.

व्होल्टेज ४५० च्या वर : हेही वाईटच. रात्री डीपीवर भार नसताना असे होते. मोटार जास्त अँपिअर घेते, दिवे फुटतात.

व्होल्टेज तिन्ही ठीक आणि सारखे, अँपिअर तिन्ही सारखे पण पाटीपेक्षा जास्त : विजेचा दोष नाही. पंप अडकतो आहे, बेअरिंग गेले आहे किंवा वाळू आली आहे. अँपिअर पाटीपेक्षा बरेच कमी असतील तर पाणी खाली गेले आहे किंवा फूटव्हॉल्व्ह हवा घेतो. डीपी बदलल्यानंतर किंवा लाइनचे काम झाल्यानंतर अचानक पाणी कमी पडू लागले तर फेज उलटे लागून पंप उलटा फिरत असतो. वीज बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की सुलटा फिरतो.

मोटारीचा दोष की लाइनचा?

पुष्कळदा व्होल्टेज बरे दिसते, पण एका तारेत अँपिअर जास्त येतात. समजा लाल ७, पिवळा ७.२ आणि निळा ९. दोष कोणाचा? यासाठी जाणकार वायरमन तारा फिरवून बघतो. वीज पूर्ण बंद करून स्टार्टरमधल्या मोटारीच्या तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवायच्या. पहिली दुसऱ्याच्या जागी, दुसरी तिसऱ्याच्या, तिसरी पहिल्याच्या. असे केल्याने मोटारीची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजायचे, मग आणखी एक घर सरकवून पुन्हा मोजायचे.

तिन्ही वेळा जास्त अँपिअर निळ्या फेजवरच राहिले तर दोष लाइनचा. जास्त अँपिअर मोटारीच्या त्याच तारेबरोबर फिरत राहिले तर दोष मोटारीचा किंवा तिच्या केबलचा. वायरमन आणि शेतकरी यांचा वाद मिटवायला याहून चांगला पंच नाही.

दोन फेजवर चालणारी मोटार

चालू मोटारीचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, गुरगुरत फिरत राहते. उरलेल्या दोन तारांत अँपिअर पावणेदोन पटीच्या घरात जातात. साडेसातचे तेरा झाले की वायंडिंगला फार वेळ लागत नाही.

इथे एक मोठा चकवा आहे. अशा वेळी वायरमन येऊन स्टार्टरवर व्होल्टेज मोजतो तर तिन्हीकडे व्होल्टेज दिसते! गेलेल्या फेजच्या टोकावर फिरती मोटार स्वतःच व्होल्टेज तयार करून मागे पाठवते. दिवाही पेटतो. म्हणून चालू मोटारीवर फेज तपासायचा तर अँपिअर मोजा. गेलेल्या फेजच्या तारेत टांग टेस्टर शून्य दाखवतो. तो खोटे बोलत नाही. व्होल्टेजच बघायचे असेल तर मोटार बंद करून, मेन स्विचच्या आत येणाऱ्या टोकांवर बघा. शेजारचे पंप चालू असतील तर तेही गेलेल्या फेजवर व्होल्टेज चढवतात, हेही ध्यानात असू द्या.

यावर उपाय म्हणजे सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर. आपल्याकडे त्याच्या वायरी काढून "डायरेक्ट" करून ठेवण्याची रीत पडली आहे, कारण तो सारखा मोटार पाडतो. तो मोटार पाडतो म्हणजे तफावत आहे असे सांगतो. ओव्हरलोड रिलेचेही तसेच. तो सारखा पडतो म्हणून त्याचा काटा वाढवून ठेवणे म्हणजे राखणदार कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. रिले पाटीवरच्या अँपिअरलाच ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर सेटिंग वेगळे असते, ते माहितगाराकडून करून घ्या. आणि कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार दोन फेजवर मुद्दाम चालवण्याचा उद्योग तर टाळाच. एका रात्रीचे पाणी मिळते, मोटारीचे आयुष्य जाते आणि डीपीवर तफावत वाढून शेजाऱ्याच्या मोटारीलाही ताप होतो.

डीपीचे गणित

डीपीवर केव्हीए लिहिलेले असते. २५, ६३, १०० असे. तिने एका फेजला किती अँपिअर द्यावेत हे ठरलेले असते. २५ ची डीपी ३३, ६३ ची ८४ आणि १०० ची १३३ अँपिअर. आता पाच एचपीच्या पंपाला साडेसात धरा. ६३ च्या डीपीवर असे ११ पंप आणि १०० च्या डीपीवर साधारण १७-१८ पंप एका वेळी चालू शकतात. गावात बसून मोजा, तुमच्या डीपीवर किती आहेत. कागदावरचे मोजा, आकडे टाकलेले मोजा आणि कागदावर तीन एचपी लिहून विहिरीत साडेसात सोडलेलेही मोजा. बेरीज करताना कोणाचे नाव घ्यायची गरज नाही, पण बेरीज खरी करा. खोटी बेरीज केली तर मिळणारी नवी डीपीसुद्धा लहानच पडेल.

भार कमी करायचा एक मार्ग आपल्याच हातात आहे, तो म्हणजे कपॅसिटर. तीन एचपीला साधारण एक, पाचला दोन आणि साडेसातला तीन केव्हीएआरचा कपॅसिटर लावतात. पाच एचपीच्या मोटारीला तो नीट लावला तर लाइनमधून येणारे साडेसात अँपिअर ६.४ च्या आसपास येतात. पाणी तेवढेच, मोटार तीच. दहा शेतकऱ्यांनी लावला तर डीपीवरचे ११ अँपिअर कमी झाले, म्हणजे जवळजवळ दीड पंपाचा भार उतरला. एकट्याने लावून फारसे दिसत नाही, सगळ्यांनी लावला तरच शेवटच्या खांबावरचे व्होल्टेज वर येते. लावल्यावर टांग टेस्टरने कपॅसिटरच्या तिन्ही तारा मोजा. पाच एचपीला लावलेल्या दोन केव्हीएआरच्या कपॅसिटरच्या तारेत पावणेतीन अँपिअरच्या आसपास यायला हवेत. शून्य आले तर तो मेला आहे, नुसता डबा टांगलेला आहे. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती उतरल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी गोष्ट ऑटोस्विचची. लाइट आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार पाच-सहा पट अँपिअर घेते. पंधरा मोटारींनी एकदम उडी घेतली की व्होल्टेज कोसळते, कोणतीच मोटार नीट उठत नाही आणि डीपीचा फ्यूज तरी जातो नाहीतर डीपी तरी जाते. ऑटोस्विच काढा. काढायचाच नसेल तर उशिराने चालू होणारा टायमर लावा आणि डीपीवर बसून वेळा वाटून घ्या. पहिल्याचा पाच मिनिटांनी, दुसऱ्याचा सहा मिनिटांनी. पाळीपाळीने पाणी देणाऱ्या गावाला हे नवे नाही.

तक्रार आकड्यांत करा

"व्होल्टेज कमी येते, योग्य ती कार्यवाही व्हावी" असा अर्ज फायलीत झोपतो. त्याऐवजी असे लिहा : "आमच्या ६३ केव्हीएच्या डीपीवर एवढे पंप आहेत. अमुक ते अमुक तारखांना शेवटच्या खांबावर मोटार बंद असताना व्होल्टेज ३५० ते ३६० आणि डीपीजवळ ४०५ मिळाले. तफावत चार टक्के आहे. नोंदवहीची प्रत व फोटो सोबत आहेत." अशा अर्जाला अभियंत्याला उत्तर द्यावेच लागते, कारण पुढे काय करायचे हे त्यातच लिहिलेले असते. डीपीजवळ ठीक आणि टोकाला कमी असेल तर तार बदलायची किंवा मध्ये डीपी द्यायची. डीपीवरच कमी असेल तर भार वाटायचा. तफावत असेल तर एक फेजवरच्या जोडण्या तीन फेजवर वाटून द्यायच्या. यातले शेवटचे काम तर बिनखर्चाचे आहे. लघुदाबाच्या लांब लाइनीमुळे होणारा हाच त्रास टाळण्यासाठी सन २०१८ मध्ये राज्यात उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आली आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी एक लहान डीपी देण्यात आली.

अर्ज महावितरणच्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. १९१२ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, तिचा क्रमांक वहीत लिहा. डीपी जळाली तर ग्रामीण भागात ४८ तासांत ती बदलून द्यावी असे आयोगाचे मानक आहे, म्हणून जळाल्याची वेळ आणि कळवल्याची वेळ दोन्ही नोंदवा. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी वाट ठेवली आहे. तिथे तोंडी कैफियत चालत नाही, वही चालते.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक विनंती आहे. ग्रामसभेत विजेचा विषय निघाला की गोंगाट होतो आणि वायरमनच्या नावाने शिमगा होतो. पुढच्या सभेआधी प्रत्येक डीपीमागे एक जबाबदार शेतकरी नेमा आणि सात दिवसांची वही भरून घ्या. सभेत डीपीनिहाय तीन आकडे वाचा : किती पंप, टोकाला किती व्होल्ट, किती टक्के तफावत. कोणती डीपी आधी बदलायची यावर मग भांडण होणार नाही. ठरावाला आकड्यांचा तक्ता जोडला तर त्याचे वजनही वाढते.

वहीतून कधी दोष लाइनचा निघेल, कधी आपल्याच बारीक केबलचा, तर कधी आपल्याच डीपीवरच्या आकड्यांचा. जिथला निघेल तिथे दुरुस्ती करायची तयारी हवी. रब्बीचे पहिले पाणी सुटण्याआधी मोटारीची पाटी पुसा, अँपिअर लिहून घ्या आणि सात दिवस मोजा. त्यानंतरही मोटार दुकानात न्यायची वेळ आली, तर तिच्यासोबत वहीही न्या. रिवाइंडिंगवाल्याला तार गुंडाळण्याआधी कारण कळेल.